ट्रेकसाठी पाण्याची बाटली कशी निवडावी: पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी

ट्रेकची खरेदी करताना माणूस बुटांबद्दल दहा जणांना विचारतो, सॅक पाठीवर चढवून बघतो, आणि बाटली मात्र रंग आवडला म्हणून उचलतो. मग पहिल्या मोठ्या चढावर कळतं की ती सॅकच्या कप्प्यातून एका हाताने निघत नाही. पाणी प्यायचं तर थांबा, सॅक उतरवा, बाटली काढा, पुन्हा सॅक चढवा. हा खटाटोप नको म्हणून पिणंच लांबणीवर पडतं. दुपारपर्यंत डोकं जड होतं, पाय ओढवत नाहीत, आणि बाटलीत अजून अर्धं पाणी तसंच असतं.

नव्या मंडळींसोबत चालताना हे वारंवार दिसतं, म्हणून हा लेख. माझा सगळा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: बाटली शेवटी ठरवा, आधी पाणी ठरवा. वाटेत किती लागणार, कुठे मिळणार आणि ते पिण्याजोगं कसं करणार, या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की दुकानातल्या निम्म्याहून अधिक बाटल्या आपोआप बाद होतात.

आधी हाताशी काय हवं

- तुमची स्वतःची सॅक (दुकानात जाताना सोबत न्या, रिकामी नको, थोडी भरून)
- पाण्याचा फिल्टर घेतला असेल तर तो
- स्वयंपाकघरातला वजनकाटा
- मापाचं भांडं, निदान एक लिटरचं
- जुनं वर्तमानपत्र, गळती तपासायला
- जिथे जाणार त्या वाटेवरच्या पाणवठ्यांची माहिती, आणि त्यातले कोणते त्या ऋतूत आटतात याची खात्रीलायक विचारपूस

१. किती पाणी लागणार, याचा हिशोब करा

साधारण हवेत चालताना तासाला अर्धा लिटर, हा सुरुवातीचा हिशोब धरा. कडक ऊन, दमट हवा किंवा सलग उभा चढ असेल तर हाच आकडा तासाला एक लिटरपर्यंत जातो. माणसागणिक फरक पडतो. काही छोट्या चाली झाल्या की स्वतःचा आकडा कळतो, तोवर हा धरून चाला.

आता वाट डोळ्यांसमोर आणा. एका पाणवठ्यापासून पुढच्या पाणवठ्यापर्यंत किती तास? त्याला अर्ध्या लिटरने गुणा आणि वर अर्धा लिटर राखीव ठेवा. चार तासांचं अंतर असेल तर अडीच लिटर झालं. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, म्हणजे अडीच किलो पाठीवर. बाटलीच्या वजनात पन्नास ग्रॅम वाचवायला लोक तासभर घालवतात, आणि दर अर्ध्या तासाला झरा असलेल्या वाटेवर तीन लिटर पाणी वाहून नेतात. खरी बचत पाणवठे माहीत असण्यात आहे.

इथे एक फरक लक्षात घ्या. पाणी वाहून नेण्याची क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष भरलेलं पाणी वेगळं. मुक्काम पाण्यापासून लांब असेल तर संध्याकाळी स्वयंपाकाचं, पिण्याचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं मिळून एका माणसाला तीन-चार लिटर सहज लागतं. पण ते दिवसभर वाहायचं नसतं, शेवटच्या पाणवठ्यावर भरायचं असतं. त्यासाठी दिवसभर घडी होऊन पडून राहणारी मऊ पिशवी हवी, चार कडक बाटल्या नव्हेत.

मापाची एक खोच. काही बाटल्यांवर क्षमता औंसात असते. ३२ औंसांची बाटली लिटरची म्हणून खपते, पण अमेरिकी मापाने ते भरतात सुमारे ९४६ मिली. पिण्यापुरता हा फरक किरकोळ आहे. पण उलट बाजूने, काठोकाठ भरल्यावर लिटरपेक्षा बरंच जास्त मावणाऱ्या बाटलीत एक लिटरसाठीची शुद्धीकरणाची गोळी टाकली तर मात्रा कमी पडते. घरी मापाच्या भांड्याने एकदा भरून बघा आणि अर्धा लिटर, एक लिटर अशा खुणा बाटलीवर नसतील तर पक्क्या शाईने करा.

उलटं टोकही सांभाळा. तहान नसताना केवळ धसक्याने लिटरमागून लिटर नुसतं पाणी पीत राहिलं, तर रक्तातल्या सोडियमचं प्रमाण घसरतं. मळमळ, डोकेदुखी, भांबावलेपण ही त्याची लक्षणं उन्हाच्या त्रासासारखीच दिसतात, त्यामुळे माणूस आणखी पाणी पितो आणि प्रकृती आणखी बिघडते. तहानेप्रमाणे प्या आणि लांबच्या चालीत पाण्यासोबत क्षारही पोटात जाऊ द्या.

२. पाणी शुद्ध कसं करणार, हे ठरवा

बाटली चुकते ती बहुतेक इथे. घरून भरून नेलेल्या पाण्यावर दिवसभराची चाल भागणार असेल तर हा टप्पा सोडून पुढे जा. पण ओढ्याचं, झऱ्याचं, तळ्याचं पाणी प्यायचं असेल तर शुद्धीकरणाची पद्धत आणि बाटली यांची जोडी जमली पाहिजे.

*फिल्टर.* हल्लीचे हलके, पिळून वापरायचे फिल्टर पोकळ तंतूंचे असतात. त्यांची छिद्रं साधारण ०.१ मायक्रॉनची. जिवाणू आणि जिआर्डिया, क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवी त्यात अडकतात. विषाणू त्याहून कितीतरी लहान, ते निसटतात. माणसांची वस्ती वरच्या अंगाला असेल तर नुसत्या फिल्टरवर विसंबू नका, त्यानंतर गोळी टाका किंवा पाणी उकळा.

बाटलीच्या दृष्टीने महत्त्वाचे ते झाकणाचे आटे. बरेच फिल्टर २८ मिलिमीटरच्या आट्यांवर बसतात, काही ४२ मिलिमीटरच्या. रुंद तोंडाच्या कडक बाटल्यांचं तोंड साधारण ६३ मिलिमीटर असतं, त्यावर हे फिल्टर थेट बसत नाहीत. आणि दोन्हीकडे २८ लिहिलेलं असलं तरी आट्यांची उंची आणि चढ वेगळा असू शकतो. फिल्टर फिरतो, बसल्यासारखा वाटतो, आणि पिळल्यावर कडेने न गाळलेलं पाणी झिरपून स्वच्छ बाटलीत पडतं. म्हणून फिल्टर सोबत न्या, लावून बघा, जमल्यास पाणी भरून पिळून बघा.

पिळायचं म्हटल्यावर बाटली मऊ हवी, हे उघड आहे. कडक बाटली पिळता येत नाही. म्हणजे फिल्टर वापरणाऱ्याला दोन भांडी लागतात: कच्चं पाणी भरायला मऊ पिशवी आणि गाळलेलं साठवायला बाटली. दोन्ही वेगळ्या रंगांची घ्या. अंधारात, दमल्यावर, कुठल्या बाटलीत कुठलं पाणी हा घोळ सहज होतो.

*गोळ्या किंवा थेंब.* क्लोरीन डायऑक्साइडच्या गोळीला जिवाणू-विषाणूंसाठी साधारण अर्धा तास आणि क्रिप्टोस्पोरिडियमसाठी चार तास लागतात. आयोडीन क्रिप्टोस्पोरिडियमवर भरवशाचं नाही, शिवाय त्याचा डाग आणि वास प्लास्टिकला धरून बसतो. चार तास एक बाटली अडकून पडणार, तेव्हा प्यायला दुसरी हवीच. गोळीवर भिस्त ठेवणाऱ्याने एका मोठ्या बाटलीऐवजी दोन मध्यम बाटल्या घ्याव्यात, असं मी ठामपणे सांगेन.

आणखी एक गोष्ट, जी फार थोडे जण करतात. बाटली ओढ्यात बुडवून भरली की तोंडावर आणि आट्यांवर कच्चं पाणी राहतं. आत गोळी विरघळली तरी तिथे औषध पोचत नाही, आणि तुमचे ओठ नेमके तिथेच टेकतात. गोळी विरघळल्यावर झाकण किंचित सैल करा, बाटली उलटी धरा, थोडं पाणी आट्यांमधून बाहेर झिरपू द्या, मग झाकण घट्ट करा.

*उकळणं.* खळखळून एक मिनिट, आणि २००० मीटरच्या वर तीन मिनिटं. उकळलेलं पाणी थंड होईपर्यंत थांबायला वेळ नसतो, म्हणून बाटलीला गरम पाणी सोसलं पाहिजे. कोणती सोसते ते पुढच्या टप्प्यात आहे.

*अतिनील दिवा.* पेनासारखा दिवा पाण्यात बुडवून ढवळायचा असतो, तेव्हा रुंद तोंडाशिवाय इलाज नाही. पाणी गढूळ असेल तर किरण आतपर्यंत पोचत नाहीत. आधी फडक्यातून गाळा.

३. कशाची बनलेली घ्यायची

इथे वजन आणि टिकाऊपणा यांचा झगडा असतो. एक लिटरच्या आसपासच्या बाटल्यांची रिकामी वजनं ढोबळमानाने अशी: विकतच्या पाण्याची पातळ बाटली २५ ते ४० ग्रॅम, घडीची मऊ बाटली ३५ ते ४० ग्रॅम, दुधाळ रंगाच्या एचडीपीई प्लास्टिकची सुमारे ११० ग्रॅम, पारदर्शक कडक ट्रायटन प्लास्टिकची सुमारे १८० ग्रॅम, एकेरी भिंतीची स्टीलची २०० ते २५० ग्रॅम, आणि दुहेरी भिंतीची निर्वात स्टीलची (थर्मॉससारखी, दोन भिंतींमधली हवा काढलेली) ४०० ते ५०० ग्रॅम. म्हणजे थंड पाण्याच्या हौसेपोटी घेतलेली निर्वात बाटली रिकामी असतानाच अर्धा लिटर पाण्याइतकी जड असते.

कडक प्लास्टिक. रुंद तोंडाची, एक लिटरची, खुणा असलेली ही बाटली मूळची प्रयोगशाळेतली. नालजीन ही प्रयोगशाळेची भांडी बनवणारी कंपनी. त्या बाटल्या गळत नाहीत आणि फुटत नाहीत हे पाहून लोक त्या डोंगरात नेऊ लागले. त्यातल्या पारदर्शक, कडक बाटल्या आधी पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकच्या होत्या. त्यात बिस्फेनॉल-ए, म्हणजे बीपीए हे आरोग्याला अपायकारक मानलं जाणारं रसायन असतं. २००८ साली कंपनीने ते सोडलं आणि ट्रायटनकडे वळली. युरोपीय संघाने तर अन्नाशी संपर्क येणाऱ्या वस्तूंमधल्या बीपीएवरची बंदी जानेवारी २०२५ पासून अमलात आणली, उत्पादकांना बदलासाठी मुदत देऊन. घरात कुणाची जुनी, पारदर्शक, कडक बाटली पडलेली असेल आणि तळाला त्रिकोणात ७ आकडा असेल तर ती पॉलिकार्बोनेटची असण्याची शक्यता आहे. पण ७ म्हणजे "इतर सगळी प्लास्टिकं", ट्रायटनवरही हाच आकडा येतो. आकड्यावरून निकाल लावू नका, बनावटीचं साल आणि साहित्य बघा. कळत नसेल तर ती पिण्यासाठी वापरू नका. आणि "बीपीए नाही" एवढ्या चिठ्ठीवर भुलू नका, त्याजागी दुसरं कुठलं बिस्फेनॉल नाही याची ती हमी नव्हे. प्लास्टिकचं नाव लिहिलेली बाटली घ्या.

ट्रायटन उकळत्या पाण्याला टिकतं. एचडीपीई, तळाला २ आकडा असलेलं, गरम पाण्याने थोडं मऊ पडतं पण चालतं. हलकं आहे, पडलं तर फुटत नाही, थंडीत ठिसूळ होत नाही. दिसायला साधं असल्याने दुकानदार ते पुढे करत नाहीत, तरी मला सगळ्यात जास्त पटलेलं साहित्य हेच.

विकतच्या पाण्याची बाटली, तळाला १ आकडा असलेली पीईटीची. लांब पल्ल्याचे अनुभवी पदयात्री मोठ्या संख्येने हीच वापरतात, कारण वजन नगण्य आणि बहुतेक फिल्टर बसतात. पण गरम पाणी टाकलं की ती आकसते आणि वेडीवाकडी होते, आणि सतत चुरगळली की घडीच्या रेघांवर चिरते. पुन्हा पुन्हा वापरायची वस्तू म्हणून तिच्याकडे बघू नका. मात्र तिचा एक गुण कामाचा आहे: पाणी नितळ असेल आणि दुसरं काहीच साधन नसेल, तर दोन लिटरपर्यंतची स्वच्छ, रंगहीन पीईटी बाटली भरून कडक उन्हात सहा तास आडवी ठेवली की सूर्याच्या अतिनील किरणांनी जंतूंचा मोठ्या प्रमाणात नाश होतो. अर्धं आभाळ ढगांनी भरलेलं असेल तर दोन दिवस लागतात. स्टीलच्या बाटलीत हे होणार नाही.

एकेरी भिंतीचं स्टील. वजन जास्त, पण आयुष्यभर टिकतं आणि अडचणीच्या वेळी थेट आचेवर ठेवून पाणी उकळता येतं. त्यासाठी ती बाहेरून रंगवलेली नको आणि झाकण पूर्ण काढलेलं हवं. दुहेरी भिंतीची निर्वात बाटली आचेवर कधीही ठेवू नका. दोन भिंतींमधल्या बंद पोकळीत उरलेली हवा तापून फुगते आणि बाटली फुटू शकते. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. ओळखायचं कसं? गरम पाणी भरा. बाहेरून लगेच चटका बसला तर एकेरी, थंड राहिली तर दुहेरी. तरीही शंका उरली तर आचेपासून लांबच ठेवा, कारण पोकळीतली निर्वातता गेलेली दुहेरी बाटलीही बाहेरून गरम लागते.

स्टील घेताना ३०४ किंवा १८/८ असा शिक्का बघा: १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. स्वस्त २०१ प्रतीत निकेलच्या जागी बऱ्याच अंशी मँगनीज असतं आणि ते लवकर गंजतं. चुंबक लावून बघायचा सल्ला सगळीकडे मिळतो, तो फसवा आहे. २०१ लाही चुंबक चिकटत नाही, आणि अस्सल ३०४ दाबून घडवलेल्या जागी, म्हणजे तोंडापाशी किंवा तळाच्या कडेला, हलकासा चिकटू शकतो.

निर्वात बाटलीच्या तळाची चकती निघाली असेल तर ती बाटली वापरातून काढा. काही बनावटींमध्ये निर्वात केल्यावरचं छिद्र शिसं असलेल्या धातूने बुजवतात आणि ते त्या चकतीखाली झाकलेलं असतं.

ॲल्युमिनियम हलकं असतं, पण आतून लेप असतो आणि पोचा पडला की लेपाला तडा जातो. आंबट पेय त्यात भरू नका. तांब्यालाही हेच लागू, तांब्याची बाटली घरी ठेवा. काच तर डोंगरात नकोच.

४. तोंड आणि झाकण

रुंद तोंडाचे फायदे बरेच: हात घालून घासता येतं, बर्फ भरता येतो, गोळी आणि पूड सांडत नाही, ओढ्यात पटकन भरते. तोटा एकच आणि रोजचा: चालता चालता प्यायला गेलं की पाणी नाकावर आणि शर्टवर. आतून बसणारी छोटी जाळी किंवा गाळी मिळते, ती हा प्रश्न सोडवते. अरुंद तोंडातून पिणं सोपं, पण घासायला ब्रश लागतो आणि थंडीत ते आधी गोठतं.

उथळ पाण्यात मात्र दोन्ही हरतात. खडकावरून बोटभर जाडीची धार सरकत असते, तिच्याखाली बाटली उभी राहतच नाही. तिथे वरून पूर्ण उघडणारी मऊ पिशवी धारेत धरली की भरते. पिशवी नसेल तर एखादं लांब रुंद पान धारेत अडकवून दगडाने दाबा. पाणी पानाच्या टोकावरून सुटून पडतं आणि बाटली खाली धरता येते.

झाकणाबाबत माझं मत स्पष्ट आहे. साधं, आट्यांचं, पट्टीने बाटलीला जोडलेलं झाकण घ्या. बटण दाबून उघडणारी, स्प्रिंगची, घडी होणारी तोटी असलेली झाकणं रोजच्या वापरात छान वाटतात. डोंगरात त्यांच्या सांध्यात वाळू जाते, सॅक आपटली की बटण दाबलं जातं, आणि आतल्या खाचा घासता येत नाहीत. नळीच्या झाकणाची आणखी एक गंमत उंचीवर कळते. ३००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ७० टक्के असतो. खाली बंद केलेली बाटली वर नेऊन तोटी उघडली की आतली दाबातली हवा पाण्याला नळीतून वर ढकलते आणि फवारा तोंडावर येतो. चढताना मधून मधून झाकण सैल करून हवा सोडत जा. उतरताना उलट होतं, माथ्यावर बंद केलेली रिकामी मऊ बाटली खाली येईपर्यंत चेपून जाते. ती खराब झाली असं समजू नका, झाकण उघडलं की पूर्ववत होते.

५. सॅकमध्ये ती कुठे बसणार

सॅक भरून दुकानात न्यायला सांगितलं ते यासाठी. रिकाम्या सॅकचा बाजूचा कप्पा सैल असतो. आत सामान भरलं की भिंत फुगते आणि तोच कप्पा इतका आवळतो की जाड बाटली शिरत नाही. सॅक पाठीवर चढवा, पट्टे आवळा, आणि कुणाच्याही मदतीशिवाय बाटली काढून परत ठेवून बघा. काढणं जमतं, परत ठेवताना अडतं. ठेवण्याची परीक्षा आधी घ्या. हात पोचतच नसेल तर खांद्याच्या पट्ट्यावर बसणारी अर्ध्या लिटरची मऊ बाटली हा चांगला पर्याय आहे.

बाटली कॅरॅबिनरने (उघडझाप होणाऱ्या धातूच्या कडीने) सॅकला बाहेर लटकवू नका. प्रत्येक पावलाला ती झोके घेते, उतरणीवर तोल बिघडवते आणि खडकाळ जागी अडकते. जास्तीचं पाणी सॅकच्या आत, पाठीला लागून ठेवा.

रंग भडक घ्या, केशरी किंवा पिवळा. हातातून सुटून झुडपात गडगडलेली हिरवी बाटली सापडत नाही.

६. नळीची पिशवी घ्यावी का?

सॅकच्या आत पाण्याची पिशवी आणि खांद्यावरून येणारी नळी, ही सोय खरोखर मोठी आहे. न थांबता घोट घोट पाणी जात राहतं. ज्यांना पाणी प्यायचं भानच राहत नाही त्यांना मी हीच सुचवतो. पण किती उरलं ते दिसत नाही, आणि अर्ध्या वाटेत नळी अचानक कोरडी पडते. भरायला सॅक उसवावी लागते. फुटली तर कपडे आणि स्लीपिंग बॅग भिजते. नळीत बुरशी धरते आणि गोठण्याच्या थंडीत आधी नळीच गोठते. प्यायल्यावर नळीत फुंकर मारून पाणी मागे ढकललं तर थोडा वेळ निभावतं. घेतलीत तर सोबत एक साधी बाटली असू द्या. कुठल्याही चालीत सगळं पाणी एकाच भांड्यात नसावं.

७. बर्फात आणि कडक थंडीत

पाणी गोठताना साधारण ९ टक्क्यांनी फुगतं, म्हणून काठोकाठ भरू नका. पाणी वरून गोठत येतं, तेव्हा बाटली सॅकमध्ये उलटी ठेवा. बर्फ तळाशी धरतो आणि तोंड मोकळं राहतं. अर्थात झाकण गळत नाही याची खात्री झाल्यावरच. लोकरी मोजा चढवला तरी बराच फरक पडतो.

रात्री उकळतं पाणी ट्रायटनच्या किंवा एकेरी स्टीलच्या बाटलीत भरून, मोज्यात घालून, स्लीपिंग बॅगमध्ये घेतलं तर ऊबही मिळते आणि सकाळी न गोठलेलं पाणीही. निर्वात बाटलीचा इथे उपयोग नाही, ती ऊब बाहेर सोडतच नाही. मात्र दिवसा गरम पेय न्यायला तिच्यासारखी दुसरी नाही. वर्षभरात तिचं वजन वाहणं योग्य ठरतं ते याच ऋतूत.

पोकळ तंतूंचा फिल्टर एकदा ओला झाला की त्याला गोठू देऊ नका. तंतू आतून तडकतात, बाहेरून काहीच दिसत नाही, आणि फिल्टर निकामी होतो. रात्री तो अंगाशी घेऊन झोपा.

८. विकत घेताना आणि घरी आल्यावर तपासणी

दुकानात झाकण उघडून आतला वायसर बोटाने काढून बघा. निघत असेल तर साफ करता येईल, आणि सुटा मिळतो का ते विचारा. आतून वास घ्या. नव्या प्लास्टिकचा उग्र वास धुतल्यावरही टिकतो. हातमोजे घालून झाकण उघडता येतं का बघा. स्टीलच्या बाटलीचं तोंड आतून चाचपा, धार लागायला नको.

घरी आल्यावर काठोकाठ भरा, झाकण घट्ट करा, वर्तमानपत्रावर आडवी आणि मग उलटी करून रात्रभर ठेवा. कागदावर डाग पडला तर परत करा. निर्वात बाटलीत उकळतं पाणी भरून पाच-दहा मिनिटांनी बाहेरून हात फिरवा. झाकणाजवळ कोमट लागणं ठीक, भिंत गरम लागली तर निर्वातता नाही. आणि वजनकाट्यावर स्वतः वजन करा, छापील वजनात कधी कधी झाकण धरलेलं नसतं.

स्टोव्हसाठी द्रवरूप इंधन नेणार असाल तर त्याची बाटली आकाराने, रंगाने आणि हाताला लागणाऱ्या स्पर्शाने वेगळी असली पाहिजे. पाण्याच्या बाटलीत इंधन भरू नका, लेबल लावूनसुद्धा नको. सॅकमध्येही दोन्ही वेगळ्या बाजूंना ठेवा.

९. मग नेमकं काय घ्यावं

एका दिवसाची चाल, घरून भरलेलं पाणी: एचडीपीई किंवा ट्रायटनची रुंद तोंडाची एक लिटरची बाटली, आणि लागेल तशी दुसरी.

मुक्कामाची चाल, वाटेत फिल्टर: गाळलेल्या पाण्याला एक लिटरची कडक बाटली, कच्च्या पाण्याला फिल्टरच्या आट्यांशी जुळणारी दोन लिटरची मऊ पिशवी. पहिल्यांदा घेणाऱ्या बहुतेकांनी डोळे मिटून ही जोडी घ्यावी.

गोळ्यांवर भिस्त: एक लिटरच्या दोन सारख्या बाटल्या, झाकणं वेगळ्या रंगांची.

बर्फातली चाल: ट्रायटनची रुंद तोंडाची एक, आणि अर्धा ते पाऊण लिटरची निर्वात एक.

१०. निगा

परत आल्यावर त्याच दिवशी बाटली धुवा. क्षार-साखरेचं पेय भरलं असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण साखर राहिली की भिंतीवर बुळबुळीत थर धरतो. वास येत असेल तर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा टाकून रात्रभर ठेवा. पांढरे क्षार साचले असतील तर सायट्रिक ॲसिडचं पाणी. प्लास्टिकच्या बाटलीत आणि नळीत बुरशी दिसली तर एक लिटर पाण्यात चमचाभर साधं, वास नसलेलं घरगुती ब्लीच घालून अर्धा तास ठेवा आणि भरपूर पाण्याने खळबळा. स्टीलला ब्लीच लावू नका, क्लोरीनने त्याला बारीक खड्डे पडतात. आणि ब्लीच कधीही सायट्रिक ॲसिडमध्ये किंवा दुसऱ्या कुठल्या सफाईच्या द्रवात मिसळू नका, विषारी वायू निघतो.

वायसर काढून त्याची खाच घासा. बाटली स्वच्छ आहे आणि तरी वास येतोय, असं असेल तेव्हा दोष बहुतेक या खाचेत असतो. मग झाकण उघडं ठेवून पूर्ण वाळवा आणि उघडीच ठेवून द्या. नळीची पिशवी आतून वाळत नसेल तर रिकामी करून फ्रीजरमध्ये ठेवली तरी बुरशी धरत नाही.

प्लास्टिक पांढुरकं पडलं, तळाला केसासारखी चीर दिसली किंवा आट्यांची धार झिजली की बाटली बदला. वायसर कडक होऊन चिरला असेल तर नुसता वायसर बदलून भागतं, म्हणून सुटा मिळत असेल तर बाटलीसोबतच एक जास्तीचा घ्या आणि प्रथमोपचाराच्या पिशवीत टाकून ठेवा.